नौदलाच्या छोट्या प्रशिक्षण नौका: एवढ्याशा बोटीवर अधिकारी नेमकं काय शिकतात?

पुष्कर_मामा

भाचा एझिमलाच्या नौदल अकादमीत आहे. इथलं संपलं की कोचीला, पहिल्या प्रशिक्षण स्क्वाड्रनवर, असं परवा फोनवर सांगत होता. त्यातही तरंगिणीवर जायला मिळालं तर बहार, म्हणे. शिडाच्या जहाजावर! मी इलेक्ट्रिकलचा माणूस, समुद्राशी संबंध फक्त गॅलरीतून बघण्यापुरता. पण पोरगा एवढा उत्साहात आहे म्हटल्यावर वाचायला बसलो आणि वाचता वाचता अमेरिकन नौदलाच्या 'यार्ड पॅट्रोल' उर्फ वायपी बोटींपर्यंत पोचलो. ॲनापोलिसच्या अकादमीत मिडशिपमनना, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्यांना, शिकवायला वापरतात. १०८ फूट लांब, १७२ टन, लाकडी तळ, दोन डिझेल इंजिनं, वेग १२ नॉट. म्हणजे आपल्याकडची बरी मासेमारी बोट म्हणावी तर तीही खपून जाईल.

आता माझी शंका. ही पोरं पुढे हजारो टनांच्या विनाशिकांवर जाणार, जिथे गॅस टर्बाइन असतात आणि वेग तिशीच्या घरात. मग १२ नॉटच्या बोटीवर शिकून काय उपयोग? दुसरं, यातल्याच काही बोटी संशोधनाला वापरतात असं वाचलं. प्रशिक्षण आणि संशोधन, दोन्ही एकाच बोटीवर कसं जमतं? आणि आपल्याकडे असं काही आहे का?

माहीतगारांनी सविस्तर लिहा. विकिपीडिया वाचून झालाय, त्याची लिंक देऊ नका.

निनाद_००

हे सगळं जुन्या काळाचं ओझं आहे. आता पूर्ण ब्रिजचे (जिथून जहाज चालवतात ती खोली) सिम्युलेटर आहेत, ३६० अंश पडदे, हव्या त्या बंदराचं हवं ते हवामान. डिझेल जाळून पोरांना ओकाऱ्या काढायला लावण्यात काय अर्थ आहे? शिडाची जहाजं तर निव्वळ परदेशी बंदरांत मिरवायला.

जुना_कॉक्सन

पुष्करराव, वेगाच्या आकड्यात अडकू नका. निनाद, तुमच्याकडे नंतर येतो.

मी नौदलात सीमनशिपच्या बाजूचा. अधिकारी नव्हतो, अधिकारी होणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून त्यांना शिकवणाऱ्यांपैकी होतो. ब्रिजवर नवखी पोरं काय करतात ते त्यामुळे भरपूर पाहिलंय.

१२ नॉट म्हणजे सेकंदाला सहा मीटरहून थोडं जास्त. तुमची ती वायपी ३३ मीटरची. म्हणजे स्वतःच्या लांबीएवढं पाणी ती पाच-साडेपाच सेकंदांत कापते. अशा बोटीवर पोरानं 'स्टारबोर्ड फिफ्टीन' म्हटलं की लगेच नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे निघते. चुकून 'पोर्ट' म्हणाला तर तितक्याच लगेच डावीकडे निघते आणि सगळ्यांना दिसतं. मोठ्या जहाजाचं असं नसतं. हुकूम दिला की आधी काहीच होत नाही. मग हळूच वळायला लागतं आणि एकदा वळायला लागलं की थांबायचं नाव घेत नाही. नवख्याला वाटतं आपण दिलेलं सुकाणू कमी पडलं, म्हणून तो आणखी देतो. मग उलटं देऊन आवरायला धावतो. कशामुळे काय झालं, हे त्याला कळतच नाही. लहान बोटीवर ते पहिल्या तासात कळतं आणि एकदा अंगात भिनलं की मोठ्या जहाजावर फक्त वेळेचं गणित बदलावं लागतं.

दुसरी गोष्ट, पाळीची. जहाज केवढंही असो, ब्रिजवर एका वेळी हुकूम देणारा एकच. मोठ्या प्रशिक्षण जहाजावर एक कॅडेट हुकूम देतो आणि बाकीचे मागे वही घेऊन उभे. निम्मे खरंच लिहीत असतात, निम्मे जेवणात काय आहे याचा विचार करत असतात. तेवढीच पोरं चार-सहा लहान बोटींवर वाटली की चार-सहा जणांच्या हातात एकाच वेळी जहाज. बाकीचेही रिकामे राहत नाहीत. एक जण कंपासवरून दीपगृह, टेकडी, चिमणी यांची बेअरिंग, म्हणजे दिशेचे कोन, घेतो, एक चार्टवर रेघा मारतो, एक रडारवर, एक खोली वाचतो. तीन रेघा एका बिंदूत मिळाल्या तर उत्तम. सहसा मिळत नाहीत, बारका त्रिकोण होतो. तो त्रिकोण मोठा आला की कुणाची बेअरिंग चुकली यावरून जुंपते, आणि ती जुंपावी, त्यातच शिक्षण आहे.

तिसरी गोष्ट आणि माझ्या मते खरी. ॲनापोलिसच्या बोटी एकेकट्या फिरत नाहीत, चेसापीकच्या उपसागरात रांगेनं जातात. पुढच्या बोटीवरून झेंड्याचा किंवा रेडिओचा इशारा आला की सगळ्यांनी वळायचं आणि आपापलं अंतर धरून ठेवायचं. करायला घ्या म्हणजे कळेल. पुढची बोट चालतेय, तुम्ही चालताय, समुद्र दोघांनाही ढकलतोय, आणि तुम्हाला तिच्या मागे ठरलेल्या कोनात, ठरलेल्या अंतरावर राहायचंय. जागा बदलायचा हुकूम आला तर कोणत्या दिशेनं, किती वेगानं, किती मिनिटं, हे कागदावर काढून सांगायचं. तिथे तीन मिनिटांचा नियम लागतो: नॉटमध्ये जो वेग त्याच्या शंभरपट यार्ड तुम्ही तीन मिनिटांत जाता. १२ नॉट म्हणजे १२०० यार्ड. युद्धनौकांचा ताफा हेच करतो, फक्त दुप्पट वेगानं आणि रात्री दिवे बंद करून. त्याची सवय जिथे चुकीची किंमत धक्क्यावरचा एखादा टायर फाटण्याइतकी आहे तिथे लावायची की विनाशिकेवर, तुम्हीच सांगा.

आणि धक्क्याला लावणं! वायपीसारख्या बोटीचा तळ उथळ आणि वरचं बांधकाम उंच. वारा तिला पतंगासारखा धरतो. पाण्याखाली दोन पंखे (प्रोपेलर) असल्यामुळे एक पुढे, एक मागे देऊन जागच्या जागी फिरवता येते, पण आडव्या वाऱ्यात ते फिरवणं आणि धक्क्याकडे सरकणं एकत्र जमवायला पोराला घाम फुटतो. शांत हवेत लावलेली बोट मी मोजतच नसे.

लाकडी तळाचं म्हणाल तर या बोटी १९८० च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या पीटरसन आणि मॅरिनेट या दोन कारखान्यांनी बांधल्या. त्याच कारखान्यांनी अमेरिकेच्या ॲव्हेंजर वर्गाच्या सुरुंगशोधक नौका बांधल्या, त्याही लाकडी, कारण चुंबकीय सुरुंगाला लाकूड समजत नाही. म्हणजे लाकूडकामाचे हात तिथे होतेच. नंतरच्या वायपी पोलादी झाल्या. आणि वायपींना हसू नका. दुसऱ्या महायुद्धात सॅन डिएगोच्या ट्युना पकडणाऱ्या बोटी अमेरिकन नौदलानं उचलल्या, त्यांना वायपीचे नंबर दिले आणि त्यांच्या शीतगृहांत भरून पॅसिफिकमधल्या बेटांवर मांस-भाज्या पोचवल्या. ग्वादलकनालच्या पाण्यात त्यातल्या काही बुडाल्याही.

आपल्याकडचं रात्री लिहितो. नातवाला क्लासला सोडायचंय.

मृणाल_समुद्री

कॉक्सन काका येईपर्यंत संशोधनाचं मी सांगते, ते माझं पोटापाण्याचं काम आहे.

पुष्करदादा, समुद्रात मोजमाप करायला वेग नको असतो, थांबता यावं लागतं. आम्ही सीटीडी नावाचं यंत्र तारेनं खाली सोडतो. ते जाता जाता पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली नोंदवतं. साधारण सेकंदाला एक मीटर या गतीनं सोडलं तर हजार मीटर खाली जाऊन परत यायला अर्धा तास सहज लागतो. तेवढा वेळ जहाज एका जागी राहिलं पाहिजे आणि तार जहाजाच्या तळाखाली जाता कामा नये. म्हणून ज्या कुशीवरून तार सोडतो ती कुशी वाऱ्याकडे ठेवायची, म्हणजे जहाज वाऱ्याबरोबर तारेपासून दूर सरकतं. ब्रिजवरच्या माणसाला हे कळत नसेल तर आमची तार पंख्यात जाते आणि महिन्यांचं काम तळाला. म्हणून माझ्या दृष्टीनं चांगली संशोधन बोट म्हणजे हळू चालणारी, मागे मोकळं डेक असलेली, विंच बसवायला जागा असलेली, वीज पुरेशी असलेली आणि तासाचा खर्च परवडणारी. प्रशिक्षण बोटीत हे सगळं आयतं असतं. वर्गासाठी जागा असते, तिथे यंत्रांचे रॅक बसतात. शिकाऊ मुलांसाठी जास्तीच्या बंकी असतात, तिथे शास्त्रज्ञ झोपतात. अमेरिकेच्या ऑफिस ऑफ नेव्हल रिसर्चनं वायपी-६७९ घेऊन तिचं नाव 'अफ्लोट लॅब' ठेवलं ते याच हिशेबानं.

नौदलाला या संशोधनाची गरज का, याची एक गोष्ट मला फार आवडते. १९३० च्या दशकात अमेरिकन विनाशिका सेम्सवर सोनारच्या, म्हणजे ध्वनीनं पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या, चाचण्या चालल्या होत्या. सकाळी सोनार व्यवस्थित चाले आणि दुपारी पाणबुडी जवळ असूनही सापडेना. काहींना वाटलं चालवणाऱ्यांना जेवणानंतर झोप येते. शेवटी वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेची संशोधन नौका अटलांटिस मदतीला घेतली. दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका, लांबी १४२ फूट. तिच्यावरून पाण्याचं तापमान थराथरानं मोजल्यावर उलगडा झाला: दुपारच्या उन्हात वरचे काही मीटर तापतात, गरम पाण्यात ध्वनी जास्त वेगानं जातो, त्यामुळे आडवा जाणारा ध्वनी खाली वाकतो आणि वरच्या थरात दूरवरची पाणबुडी जणू सावलीत जाते. युद्धात पाणबुड्या शोधायला आणि लपवायला हेच ज्ञान कामी आलं.

आपल्याकडे या मिश्रणाचं उत्तम उदाहरण म्हणजे आयएनएस किस्टना. दुसऱ्या महायुद्धातली स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका, पुढे प्रशिक्षणासाठी वापरली गेलेली. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत नौदलानं तीच संशोधनाला दिली आणि १९६२ ते ६५ या काळात तिनं अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरात नमुने घेतले. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. आज हे काम आयएनएस सागरध्वनी करते. कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलेली, १९९४ पासून सेवेत. शास्त्रज्ञ डीआरडीओच्या कोचीतल्या एनपीओएल प्रयोगशाळेचे, चालवणारे नौदलाचे. ध्वनीचं काम असल्यामुळे ती स्वतः जितकी गप्प तितकी चांगली. 'सागर मैत्री' या मोहिमांमध्ये ती किस्टनाच्याच जुन्या मार्गांवरून पुन्हा मोजमाप करते. साठ वर्षांपूर्वीचे आकडे त्याच जागी हातात असणं ही आमच्या क्षेत्रात चैन आहे.

जुना_कॉक्सन

मृणालताई, वारा कोणत्या कुशीवर ठेवायचा हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. मला पुढे हेच म्हणायचं होतं.

पोरांना गोल-गोल फिरवून कंटाळा येतो. आज दहा वेळा वळवली, उद्या दहा वेळा वळवू. पण मागे कुणी शास्त्रज्ञ तार सोडून उभा आहे, बोट जागची हलली तर त्याचं काम गेलं, असं असलं की तोच पोरगा वाऱ्याकडे आणि पंख्यांकडे वेगळ्याच डोळ्यांनी बघतो. वेगानं जहाज चालवणं सोपं, कारण वेगात सुकाणूला पाणी मिळतं. दोन नॉटला, आडव्या वाऱ्यात, एका जागी ठेवणं हे खरं कसब. पुढे हेच कसब समुद्रात पडलेल्या माणसाला उचलताना लागतं. विल्यमसन टर्न सगळ्यांना तोंडपाठ असतो: माणूस ज्या बाजूला पडला तिकडे पूर्ण सुकाणू, साठ अंश वळलं की उलट पूर्ण सुकाणू, आणि जहाज आल्या वाटेवर परत. परत येईपर्यंत कुणीही येतो. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये जहाज त्याच्या अंगावर न घालता, वाऱ्यापासून त्याला आडोसा देत थांबवायचं, तिथे कस लागतो. म्हणून माझं मत असं की प्रशिक्षण आणि संशोधन एकाच बोटीवर ठेवणं ही पैसे वाचवायची युक्ती असेल तर असो, पण शिकणाऱ्याचा त्यात जास्त फायदा आहे.

आता आपल्याकडचं. वायपीसारख्या एकसारख्या छोट्या बोटींचा ताफा आपल्या पद्धतीत मध्यभागी नाही. एझिमलाला एट्टिकुलमचं मरक्कार वॉटरमनशिप केंद्र आहे, तिथे वल्ही आणि शिडाच्या होड्यांवर सुरुवात होते. पुढे कोचीच्या स्क्वाड्रनवर तीर, शार्दूल, सुजाता यांसारखी जहाजं. तीर खास प्रशिक्षणासाठी माझगाव डॉकनं बांधलेली, १९८६ ची. त्याआधीची तीरही मिडशिपमनच्या शिक्षणाचीच होती, नाव पुढे चालू ठेवलं. ही जहाजं चांगली, पण मी वर सांगितलेली पाळीची अडचण तिथे येतेच. आता कट्टुपल्लीला लार्सन अँड टुब्रो तीन नवी कॅडेट प्रशिक्षण जहाजं बांधतेय, २०२३ मध्ये ३,१०८ कोटींचा करार झाला. तीही मोठीच. परदेशी मुलांनाही आपण शिकवतो, त्यामुळे मोठी लागणारच. माझी इच्छा विचाराल तर त्यांच्याबरोबर चाळीस मीटरच्या आतल्या चार-सहा साध्या बोटी असाव्यात. ते काही माझ्या हातात नाही.

तरंगिणी आणि सुदर्शिनी हे आपलं उत्तर आहे असं मी मानतो. गोवा शिपयार्डच्या बहिणी, तरंगिणी १९९७ ची, सुदर्शिनी २०१२ ची. ५४ मीटर, तीन डोलकाठ्या, वीस शिडं. निनाद म्हणतात मिरवायला. २००३-०४ मध्ये तरंगिणी पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. त्या वाटेत जे हवामान लागतं त्यात मिरवायला कुणी वर चढत नाही. वारा बदलला की शिडं बदला, आणि त्यासाठी उंच काठीवर माणसं चढवा. ती माणसं तुमच्याच बॅचची, त्यातला एक घाबरलेला, आणि हुकूम तुम्ही द्यायचाय. वाऱ्याचं वळण ओळखणं आणि माणसं ओळखणं, दोन्ही एकदम. मात्र ताफ्यात अंतर धरून चालायचं शिक्षण शिडाच्या जहाजावर मिळत नाही, हेही खरं.

त्याहून लहान म्हणजे गोव्यात दिवाडीला बांधलेल्या म्हादेई आणि तारिणी. १७ मीटरच्या. म्हादेईवर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. तारिणीवर २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी गेल्या. मृणालताईंना आवडेल म्हणून सांगतो, त्या वाटेत हवामान आणि लाटांच्या नोंदी हवामान खात्याला पाठवत होत्या. म्हणजे १७ मीटरवरही दोन्ही कामं झालीच.

निनाद, सिम्युलेटर वाईट नाही. सिंगापूरच्या सामुद्रधुनीतली रात्रीची गर्दी पोराला पहिल्यांदा दाखवायची तर तिथेच दाखवावी. पण अमेरिकेनं २००३ मध्ये नव्या अधिकाऱ्यांचा न्यूपोर्टचा वर्ग बंद करून त्यांना सीडी देऊन थेट जहाजांवर पाठवलं होतं. २०१७ मध्ये जूनला फिट्झजेराल्ड आणि ऑगस्टला जॉन मॅकेन या विनाशिकांच्या व्यापारी जहाजांशी टकरी झाल्या. एकीवर सात, दुसरीवर दहा खलाशी गेले. कारणं अनेक निघाली: झोप नाही, माणसं कमी, मॅकेनवर स्क्रीनवरचं सुकाणू कुणाकडे आहे याचाच घोळ. पण ब्रिजवरचं मूलभूत कसब कच्चं होतं हेही चौकशीत आलं. पडद्यावर टक्कर झाली तर इन्स्ट्रक्टर रीसेट दाबतो. पोराला ते माहीत असतं.

निनाद_००

सीडीवाला भाग माहीत नव्हता. तरी माझं म्हणणं आहे की सिम्युलेटरचे तास वाढवून बोटीचे तास कमी करता येतील, पूर्ण बंद नाही. मॅकेनचा प्रश्न तर उलट रचनेचा होता, टचस्क्रीन काढून जुने थ्रॉटल परत बसवायचं ठरवलं ना त्यांनी.

जुना_कॉक्सन

हो, ठरवलं. अंधारात हाताला लागेल असं काहीतरी हवं. आपण एवढ्यावर सहमत होऊ.

पुष्कर_मामा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कॉक्सनसाहेब, एक शेवटचं. पोरगा दिवाळीत घरी येतोय. चार दिवस फोनमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा काही सराव करता येईल का? मीही बसेन त्याच्याबरोबर.

जुना_कॉक्सन

साहेब नको, काका चालेल.

डोक्यातलं गणित पक्कं करून घ्या. तीन मिनिटांचा नियम वर दिलाच. त्याचा भाऊ सहा मिनिटांचा: वेगाला दहानं भागा, तेवढे सागरी मैल. १५ नॉट, सहा मिनिटांत दीड मैल. चालता-चालता विचारा, बसून नको.

दुसरं, उलट दिशा. १८० मिळवताना घाईत पोरं चुकतात. त्याऐवजी दोनशे मिळवून वीस वजा करायचे, मूळ आकडा १८० च्या वर असेल तर दोनशे वजा करून वीस मिळवायचे. तुम्ही आकडा म्हणा, त्यानं दोन सेकंदांत उलट सांगायचा. ०४७ ला २२७. ३१० ला १३०. आणि 'दोनशे सत्तावीस' चालणार नाही, ब्रिजवर म्हणतात तसं एकेक आकडा सुटा: टू, टू, सेव्हन.